आयुष्यवृद्धी आणि अमरत्व

जळगाव जिल्ह्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव हे गाव आहे. तेथील प्राचीन मंदिर योगी चांगदेवांच्या नावाने प्रसिद्ध आहे. योगबळाने काळाला चुकवीत ते १४०० वर्षे जगले, अशी आख्यायिका आहे. (पंचकृष्णांतील श्रीचांगदेव राऊळ ते निराळे.) बाबिलोनी महाकाव्यातील गिल्गमेशानेही तारुण्य परत देणारी वनस्पती मिळविली, ती सर्पाने नेली. दोघांचीही धडपड देह राखण्याची.

शास्त्रदृष्ट्या जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चारही पदार्थ अनादी होत. जीव नित्यच आहे. मरतो तो देह. मग आयुष्य लांबल्याने जीवास अधिक काय लाभले? अविद्येचे बंधन तसेच राहिले. देवताफळेही दीर्घकाळ भोगता येतात. परंतु भोग सरताच जीव पुनः संसारात येतो. तात्पर्य, उणीव काळाची नव्हे, ज्ञानाची आहे. एवढे आयुष्य लाभूनही आख्यायिकेतील चांगदेवांना शेवटी बाल मुक्ताबाईंचे शिष्यत्व पत्करावे लागले, हे येथे लक्षात घ्यावे.

मोक्षाचा दाता एक परमेश्वर. म्हणून किती जगावे, ही चिंता साधकाने करू नये. हाती आहे तेवढ्या आयुष्यात नाम, रूप, लीला व चेष्टा यांचे स्मरण घडले की नाही, एवढेच प्रतिदिनी पाहावे.