कापलेला कर परत मागू या

बँकेत ठेव ठेवली की व्याज मिळते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. पण पासबुकात व्याजाच्या ओळीजवळ पुष्कळदा आणखी एक ओळ असते. तिथे ‘टीडीएस’ असे लिहिलेले असते आणि काही रक्कम वजा केलेली असते. ती ओळ आपण वाचतो का? वाचली तर विचारतो का, की हे पैसे गेले कुठे? या पाठात आपण त्या ओळीचा माग काढू.

टीडीएस म्हणजे काय?

पैसे तुमच्या हाती येण्याआधीच त्यातून प्राप्तिकर कापून घेतात. त्याला टीडीएस म्हणतात. प्राप्तिकर म्हणजेच आपण ज्याला इन्कम टॅक्स म्हणतो तो. बँक हा कर कापते आणि तुमच्या पॅन नंबरावर सरकारात भरते. मात्र तुमचे एकूण उत्पन्न किती, हे बँकेला ठाऊक नसते. म्हणून ज्याला कर लागूच नाही, त्याचाही कर कधी कधी कापला जातो.

असा जादा गेलेला कर सरकार परत देते. त्याला परतावा म्हणतात. ती काही मेहेरबानी नव्हे. तो तुमचाच पैसा आहे. पण तो आपोआप घरी येत नाही. त्यासाठी वर्षाच्या उत्पन्नाचा हिशेब सरकारला द्यावा लागतो. या हिशेबाच्या कागदाला विवरणपत्र म्हणतात. लोक त्यालाच रिटर्न म्हणतात.

एक उदाहरण घेऊ

समजा, एक मावशी आहेत. त्यांचे यजमान वारले. विम्याचे ९ लाख रुपये आले, ते त्यांनी बँकेत मुदत ठेवीत ठेवले. व्याज शेकडा ७ टक्के. म्हणजे वर्षाला ६३,००० रुपये व्याज झाले. बँकेने त्यातून १० टक्के कर कापला, म्हणजे ६,३०० रुपये. २०२१-२२, २०२२-२३ आणि २०२३-२४ अशी तीन वर्षे हेच चालले. तीन वर्षांचे मिळून १८,९०० रुपये कापले गेले.

आता मावशींना कर लागू होता का? त्या वर्षांत अडीच लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नव्हता. त्यांना दुसरे उत्पन्न फक्त शेतीचे, आणि शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. म्हणजे मावशींचा कर शून्य. १८,९०० रुपये सगळेच्या सगळे त्यांचे. एवढ्यात लेकराची शाळेची फी भागली असती, किंवा एक शेळी दावणीला आली असती.

मुदत टळली तर?

आधी वर्षांची नावे समजून घेऊ. ज्या वर्षात पैसा मिळाला ते आर्थिक वर्ष. ते १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. त्याच्या पुढचे वर्ष म्हणजे आकारणी वर्ष. २०२१-२२ च्या पैशाचे आकारणी वर्ष २०२२-२३. मावशींच्या तिन्ही वर्षांना १९६१ चा जुना कायदा लागू आहे. नवा कायदा २०२५ साली झाला, पण तो १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी आहे.

विवरणपत्र उशिरा भरायलाही एक शेवटची तारीख असते. मावशींच्या तिन्ही वर्षांची ती तारीख केव्हाच टळली. मग दार बंद झाले का? नाही. एक दार अजून उघडे आहे. त्याचे नाव विलंब माफीचा अर्ज.

१ ऑक्टोबर २०२४ पासून नियम असा आहे, की आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत हा अर्ज करावा. मावशींच्या तारखा अशा येतात :

२०२१-२२ च्या व्याजासाठी : ३१ मार्च २०२८ पर्यंत.
२०२२-२३ च्या व्याजासाठी : ३१ मार्च २०२९ पर्यंत.
२०२३-२४ च्या व्याजासाठी : ३१ मार्च २०३० पर्यंत.

पाहा, दरवर्षी ३१ मार्चला एकेका वर्षाचे दार बंद होते. म्हणून सर्वांत जुने वर्ष आधी हाती घ्यावे.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. ‘अद्ययावत विवरणपत्र’ नावाचा आणखी एक प्रकार आहे. तो राहिलेला कर भरणाऱ्यांसाठी आहे. परतावा त्याने मागता येत नाही. कोणी तोच भरा म्हणाले तर ऐकू नका.

आधी कागद जमवा

१. पॅन कार्ड आणि आधार कार्ड. दोन्ही एकमेकांस जोडलेली हवीत. पुष्कळांचे पॅन न जोडल्यामुळे १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाले. तसे असेल तर परतावा मिळत नाही. आधी पॅन जोडून घ्यावे.

२. बँकेचा करकपातीचा दाखला. याला ‘फॉर्म १६-ए’ म्हणतात.

३. ‘२६-एएस’ नावाचा उतारा. जसा जमिनीचा सातबारा, तसा हा तुमच्या कराचा उतारा. कोणी, केव्हा, किती कर कापून तुमच्या नावावर भरला, ते यात दिसते. बँकेला पॅन दिलेला नसेल तर कर २० टक्के कापला जातो आणि या उताऱ्यात दिसतही नाही.

४. बँक खाते. खात्यावरील नाव आणि पॅनवरील नाव जुळले पाहिजे.

अर्ज कसा करावा?

सेवा केंद्रात किंवा तालुक्याच्या गावी कर सल्लागाराकडे हे काम होते. अर्ज प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर करतात. प्रत्येक वर्षाचा अर्ज वेगळा. एक कोटी रुपयांपर्यंतच्या मागणीचा निर्णय प्राप्तिकर आयुक्त करतात.

अर्जात उशीर का झाला, ते खरे खरे लिहावे. ‘ठाऊक नव्हते’ एवढ्यावर भागत नाही. घरात मृत्यू झाला, मोठे आजारपण आले, असे कारण असेल तर तारखांसह लिहावे आणि मृत्यूचा दाखला, दवाखान्याचे कागद जोडावेत. साहेब काही विचारतील तर दिलेल्या मुदतीत उत्तर द्यावे. निर्णय होता होईतो सहा महिन्यांत व्हावा, असा नियम आहे. अर्ज मंजूर होईलच असे नव्हे. पण जो मागत नाही, त्याला खचितच मिळत नाही.

मंजुरीचा हुकूम आला की मग त्या वर्षाचे विवरणपत्र भरावे. शेतीचे उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांहून जास्त असेल तर ‘सहज’ हा सोपा फॉर्म चालत नाही, ‘आयटीआर-२’ भरावा लागतो. भरल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी. ती विसरलात तर सगळी मेहनत फुकट. अशा उशिराच्या परताव्यावर व्याज मात्र मिळत नाही.

फसू नका

परतावा थेट तुमच्याच खात्यात येतो. दुसऱ्याच्या खात्याचा नंबर लिहू देऊ नका. खोटा खर्च दाखवून जास्त पैसे काढून देतो, असे कोणी म्हटले तर त्याला लांबूनच नमस्कार करा. खोट्या कागदाचा दंड तुम्हांलाच भरावा लागेल. ‘तुमचा परतावा आला आहे, इथे दाबा’ असा निरोप मोबाइलवर आला तर दाबू नका. बँकेचा पिन कोणालाही सांगू नका. आणि सही करण्यापूर्वी कागद वाचा. वेळ लागला तरी लागू द्या. वाचता येऊ लागले ते याचसाठी.

पुढे काय?

तुम्हांला कर लागू नसेल तर दरवर्षी एप्रिलमध्ये बँकेत तशी घोषणा लिहून द्यावी. ‘१५-जी’ आणि साठ वर्षांवरील माणसांसाठी ‘१५-एच’ या नावांनी हा फॉर्म लोकांच्या ओळखीचा आहे. तो वेळेवर दिला की कर कापला जात नाही. मग परत मागण्याची यातायातही नको.

शब्दांचे अर्थ

परतावा : जादा भरलेली रक्कम परत मिळणे.
विलंब : उशीर.
निष्क्रिय : बंद पडलेले.
पडताळणी : खरे आहे याची खात्री करून देणे.

प्रश्न

१. एका गृहस्थास ठेवीवर ५०,००० रुपये व्याज झाले. १० टक्के कर कापला. हाती किती आले?
२. २०२०-२१ च्या व्याजावर कापलेला कर परत मागण्याच्या अर्जाची शेवटची तारीख कोणती? बोटांवर मोजून काढा.
३. आपले किंवा शेजाऱ्याचे पासबुक आणा. त्यात ‘टीडीएस’ हा शब्द कुठे आहे का, ते शोधा. असल्यास रक्कम आणि तारीख वहीत उतरवून घ्या.