पत्त्यांचा नकाशा : जनवाड्यातील एक प्रयोग

भूगोलाच्या तासाला नकाशावाचन शिकवणे निराळे आणि आपल्याच गावाचा नकाशा भरणे निराळे, हे गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मला जनवाड्यात उमगले. आमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांनी एक वही पुढ्यात ठेवली. तीत घरगुती प्रार्थनागटांच्या सभासदांची नावे व पत्ते होते. कोणते घर कोणत्या गटाला जवळ पडते ते पाहून गटांची फेररचना करावयाची होती.

असे गट काही आजचे नव्हेत. १७४२ साली ब्रिस्टल येथील मेथडिस्टांनी प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी बारा-बारा जणांचे वर्ग पाडले. वर्गाच्या पुढाऱ्याने दर आठवड्याला घरोघर जाऊन प्रत्येकी एक पेनी गोळा करावी, असे ठरले. पेनी गोळा करता करता घरची सुखदुःखे कळू लागली आणि वर्गणीची व्यवस्था हीच पुढे प्रार्थनेची व्यवस्था झाली. १८७१ साली मुंबईस आलेल्या विल्यम टेलर यांनीही घरोघरच्या गटांतूनच मंडळी उभी केली.

काम वरकरणी सोपे. संगणकावर तक्ता करावयाचा : नाव, पत्ता, गट. तो गूगलच्या 'माय मॅप्स'मध्ये चढवला की यंत्र प्रत्येक पत्ता वाचून नकाशावर खूण करते. गटागणिक रंगही निराळा देता येतो. मी तक्ता चढवला आणि पाहतो तो अर्धा जनवाडा हैदराबादजवळ! तेलंगणातील रंगारेड्डी जिल्ह्यात याच नावाचे गाव आहे, हे यंत्राला ठाऊक होते, मला नव्हते. जिल्हा व राज्य यांचे रकाने घातल्यावर मंडळी बीदर जिल्ह्यात परतली खरी, पण साऱ्या खुणा गावाच्या मध्यभागी एकीवर एक रचलेल्या. 'मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीशेजारी' हा पत्ता टपालवाल्याला पुरतो. यंत्राला त्यातले गावाचे नाव तेवढे समजते. शहरात राहावयास गेलेल्या एका कुटुंबाचा पत्ता अजून 'गुलबर्गा' असाच होता. शहराचे नाव २०१४ साली कलबुर्गी झाले, वही बदलली नव्हती. पण तो पत्ता यंत्राने अचूक ओळखला, एवढे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

मग पायी निघालो. दारात उभे राहून मोबाइलवरील नकाशावर बोट दाबून धरले की अक्षांश-रेखांशाचे आकडे मिळतात. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर; तेव्हा दशांशचिन्हापुढील चौथ्या स्थळाची एक पायरी ११ मीटरांची आणि पाचव्याची साधारण १ मीटरची. आमच्या गल्ल्यांत घराला घर लागून आहे, म्हणून पाच स्थळे घ्यावीत. फोन स्वतःच काही मीटर चुकतो, यास्तव उपग्रहाच्या छायाचित्रात छप्पर पाहून त्यावरच बोट ठेवावे. टपाल खात्याने २०२५ साली 'डिजिपिन' ही १० अक्षरांकांची खूण आणली आहे. ती सुमारे ४ मीटर लांब-रुंद तुकड्याला मिळते. दारावर क्रमांकच नसलेल्या घरांना तिचा उपयोग होईल, असे मला वाटते.

रंग भरल्यावर एक खूण एकटीच निराळ्या रंगाची दिसली. ते घर एका आजींचे. त्यांचे नाव गावाच्या दुसऱ्या टोकाच्या गटात होते, कारण त्यांचे यजमान हयात असताना त्या गटात जात. दोन पावसाळ्यांपासून आजी येत नव्हत्या आणि वहीत आम्ही 'अनियमित' असा शेरा मारला होता. दुसरा गट त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर भरत होता. "मला कुणी इचारलंच न्हाई," त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली.

सरळ रेषेवर मात्र भरवसा ठेवू नये. नकाशात दोन वस्त्या बोटभर अंतरावर दिसतात आणि मधून मांजरा वाहते. चालणाऱ्याला पुलाचाच रस्ता.

नकाशा पुरा होताच एका तरुणाने तो व्हॉट्सॲपवर सर्वांना पाठवू या म्हटले. मी अडून बसलो. कोणते घर कोणत्या धर्माचे, आत एकटे कोण राहते, हे नावानिशी दाखवणारा कागद हातोहात फिरू नये. वैयक्तिक माहितीसंबंधीचा २०२३ चा कायदाही संमतीवर भर देतो. अखेर नकाशावर केवळ अनुक्रमांक ठेवले, नावांची वही पाळकसाहेबांच्या कपाटात गेली आणि आम्ही पुन्हा घरोघर जाऊन, जे खरे तर आधीच करावयाचे होते, ते विचारून आलो. दोन घरांनी नको म्हटले. त्या दोन खुणा मी पुसल्या.