ड्रायर फिरेनासा कां होतो?

आषाढ-श्रावणाच्या झडींत शाळेचा गणवेश वाळावा कसा, हा प्रश्न परभणींतील पुष्कळ घरांत आतां कपडे धुण्याच्या यंत्रानें सोडविला आहे. त्यांतील साध्या जातीच्या यंत्रास दोन टाक्या असतात. एकींत कपडे धुतले जातात व दुसरींत, म्हणजे ड्रायरमध्यें, ते पिळून निघतात. हा ड्रायर मध्येंच थांबला व पुनः चालेना, म्हणजे घरांत एकच धांदल उडते. कोणी यंत्रास थापट्या मारतो, कोणी बटण पुनः पुनः फिरवितो, कोणी वीज चालू असतांच आंत हात घालतो. यांपैकीं शेवटची गोष्ट हात मोडण्याची आहे.

नांव ड्रायर असलें, तरी या यंत्रांत कपडे उष्णतेनें वाळत नाहींत. ज्वारीच्या शेतांत मचाणावरून पाखरें हाकणारा राखणदार गोफण फिरवितो, ती आठवावी. दाविदाची गोफणहि तशीच. फिरत्या दगडास सरळ जावयाचें असतें, दोरी त्यास वळवीत असते. दोरीचें एक टोक सुटतांच तो सरळ निघून जातो. ड्रायरच्या पिंपास बारीक भोकें असतात. तें मिनिटास सुमारें १३०० फेरे घेऊं लागलें, कीं कपड्यांस पिंपाची भिंत अडविते, पाण्यास मात्र भोकांतून वाट मिळते. अशा पिंपास हात लागला तर काय होईल, हें निराळें सांगावयास नको. म्हणूनच झाकणाखालीं एक खटका असतो. झाकण उचलतांच वीज तुटते व ब्रेक पिंपास आवळतो. झाकण नीट न बसल्यामुळें यंत्र चाललें नाहीं, तर तो त्याचा दोष नव्हे. हा खटका बांधून ठेवून यंत्र उघडें चालविण्याची युक्ति कोणी सुचविली, तर पालकांनीं ती मुळींच मान्य करूं नये.

वीज जाऊन आल्यावर यंत्र चालत नाहीं, अशीहि तक्रार होते. पुष्कळ यंत्रांतील ड्रायरचें घड्याळ विजेवर नव्हे, तर चावीच्या घड्याळाप्रमाणें कमानीवर चालतें. पांच मिनिटांची चावी दिली व दुसऱ्या मिनिटास वीज गेली, तरी कमान उलगडतच राहते. वीज येईपर्यंत कांटा शून्यावर आलेला असतो. पुनः चावी द्यावी, इतकाच उपाय.

तसें नसेल तर कान द्यावा. यंत्र अगदीं निःशब्द असेल, तर मोटरपर्यंत वीज पोंचत नाहीं. प्लग, फ्यूज व झाकण पाहावें. फ्यूज पुनः पुनः उडत असेल, तर हट्ट धरूं नये. लागोपाठ बरेच कपडे पिळल्यानें मोटर तापली, तर कित्येक यंत्रांत एक खटका वीज तोडतो, आणि अर्धा-पाऊण तास विश्रांति मिळाल्यावर ती आपण होऊन चालू लागते.

घुर्र आवाज येतो पण पिंप हलत नाहीं, तेव्हां मात्र चावी ताबडतोब शून्यावर आणावी. अडलेली मोटर तापून जळते. प्लग काढून, कोरड्या हातांनीं व पायांत चप्पल घालून, पिंपाच्या कडेशीं पाहावें. एखादा मोजा किंवा रुमाल फटींतून खालीं जाऊन दांड्यास गुंडाळलेला सांपडतो! कपड्यांवर जाळीचें झाकण ठेवण्याचा कंटाळा केल्याचें हें फळ. सांडपाण्याची नळी उंच राहिली असेल, तर टाकींत पाणी सांचून पिंप जड होतें. यांपैकीं कांहींच नसेल, तर ब्रेकची तार सैल झाली असेल किंवा कपॅसिटर दुबळा झाला असेल. घरगुती विजेवर चालणाऱ्या अशा मोटरला पहिली गति घेण्यास कपॅसिटरचें साहाय्य लागतें. प्लग काढल्यावरहि त्यांत वीज सांठून राहूं शकते, म्हणून त्यास जाणत्या मिस्त्रीनेंच हात लावावा.

थंड देशांतील ड्रायर निराळे. ते गरम हवेनें कपडे वाळवितात. तेथें दार उघडल्यावर बहुधा बटण पुनः दाबावें लागतें. कपड्यांचा तूस जाळींत व हवेच्या नळींत सांचून हवा कोंडली, तर उष्णतेचा फ्यूज जळतो, आणि तो बदलल्यावांचून यंत्र चालत नाहीं. असा तूस पेट घेऊन घरास आगहि लागते.

मिस्त्रीस बोलावतांना “यंत्र बंद आहे” एवढेंच कळवूं नये. आवाज येतो कीं नाहीं, वीज गेली होती काय, किती कपडे घातले होते, पाणी टाकींत उभें आहे काय, हें सांगितल्यास कोणता भाग बरोबर आणावयाचा, हें त्यास घरूनच ठरवितां येतें.