कोबीवरची अळी : आधी ओळखा, मग फवारा



ग्रुपवर कोबी-फ्लॉवरचे फोटो येतात आणि खाली एकच प्रश्न असतो, "अळी पडलीय, कोणतं औषध मारू?" आधी अळी कोणती ते बघू. आज *चौकोनी ठिपक्यांचा पतंग* ओळखायला शिकू.

*पतंग :* राखाडी-तपकिरी, जेमतेम 1 सेंमी. पंख मिटून बसला की पाठीवर शंकरपाळ्याच्या आकाराचे तीन पांढुरके ठिपके ओळीने दिसतात.

*अळी :* फिकट हिरवी, साधारण 1 सेंमी, दोन्ही टोकांना निमुळती. काडीने डिवचा. वळवळत मागे सरकली किंवा धाग्याला लोंबकळली तर हीच ती.

*नुकसान :* पानाचा हिरवा भाग खालून खरवडते, वरचा पापुद्रा तसाच राहतो. पान उजेडाकडे धरलं की खिडक्या दिसतात. पुढे तिथे भोकं पडतात. पानाखाली पांढरे जाळीदार कोषही सापडतात.

*गल्लत नको :* पाठीची कमान करत चालते ती उंटअळी. एकाच पानावर लहान अळ्यांचा झुबका असेल तर स्पोडोप्टेरा.

*ओळख का महत्त्वाची?* उष्ण हवेत हिची पिढी 15-20 दिवसांत पूर्ण होते. तेच औषध पुन्हा पुन्हा मारलं की त्याला न मरणाऱ्या अळ्याच मागे उरतात. ही कीड डीडीटीला दाद देत नाही, अशी नोंद जावा बेटावर 1953 सालीच झाली होती. दुकानातून नवा डबा आणला तरी आतला घटक जुनाच असू शकतो. म्हणून डब्यावरचा घटक वाचा.

*काय करायचं?*
1️⃣ आठवड्यातून दोनदा, वेगवेगळ्या ठिकाणची 20 झाडं पानं उलटून तपासा.
2️⃣ झाडामागे सरासरी 2 पेक्षा कमी अळ्या असतील तर 5 टक्के निंबोळी अर्क.
3️⃣ जास्त असतील तर बी.टी. (जिवाणूजन्य कीटकनाशक), लेबलवरच्या प्रमाणात, संध्याकाळी. कोबीचं पान मेणचट असतं, म्हणून स्टिकर घाला आणि पानाखाली फवारा पोचवा.
4️⃣ रासायनिक औषध लागलंच तर लेबलवर कोबीची शिफारस असलेलंच घ्या, दरवेळी घटक बदला. फवारणी ते काढणी यातलं अंतर पाळा.
5️⃣ पुढच्या लागणीत कोबीच्या 25 ओळींमागे मोहरीच्या 2 ओळी ठेवा. पहिली लागणीच्या 15 दिवस आधी, दुसरी लागणीनंतर 25 दिवसांनी पेरा. पतंग अंडी घालायला मोहरीवर जातो.

फोटो टाकताना पानाची *खालची बाजू* दाखवा आणि मागच्या फवारणीतला घटक लिहा. मग नेमकं सांगता येईल.