मळीपासून रसायने : वजनाचा हिशेब

साखर कारखान्यात एक टन ऊस गाळला असता सुमारे ४० किलो मळी, म्हणजेच मोलॅसिस, हाती येते. तिच्यापासून मद्यार्क आणि मद्यार्कापासून असेटिक आम्ल, इथाइल असेटेट अशी औद्योगिक रसायने तयार होतात. हीच रसायने खनिज तेल वा नैसर्गिक वायूपासूनही करता येतात. परंतु खनिज साठे पुन्हा भरून येत नाहीत. ऊस पुन्हा उगवतो. तेव्हा वनस्पतिजन्य कच्च्या मालाकडे वळावे, हे म्हणणे रास्तच आहे. मात्र त्यापासून कोणते रसायन करावे, हे तराजू हाती घेऊनच ठरविले पाहिजे.

साखरेच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग ऑक्सिजनचा असतो. खनिज तेलात तो जवळजवळ नसतो आणि प्लॅस्टिकचा पाया असलेल्या इथिलीनमध्ये तर मुळीच नसतो. १०० किलो ग्लुकोज किण्वनाने आंबविले, तर फार तर ५१ किलो मद्यार्क मिळतो. उरलेला भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. त्या मद्यार्कातून पाणी काढून इथिलीन केले, की ३१ किलोच उरते. याउलट लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू १०० किलो ग्लुकोजपासून, निदान कागदावर, १०० किलो आम्ल देतात. प्रत्यक्ष उत्पादन याहून कमीच येते, पण प्रमाणातील हे अंतर कायम राहते. उत्तराखंडात काशीपूर येथे मळीच्या मद्यार्कापासून इथिलीन ग्लायकॉल तयार केले गेले आहे. म्हणजे हे अशक्य नाही, महाग आहे. ऑक्सिजन राखणारी रसायने वनस्पतीपासून करणे अधिक शहाणपणाचे.

दराचा प्रश्न वेगळाच. जून १९९३ मध्ये मळीवरील केंद्रीय दरनियंत्रण उठले. मिथेनॉलपासून असेटिक आम्ल करण्याची स्वस्त पद्धत १९७० पासूनच जगात रूढ होऊ लागली होती. पुढे पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याचे धोरण आले आणि २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. एकाच मद्यार्कावर इंधन आणि रसायन असे दोघे हक्क सांगू लागले, तर रसायनाला दर परवडणे कठीण जाते.

म्हणून चिपाडाकडे आणि पऱ्हाटीकडे लक्ष जाते. अमेरिकेतील सीडर रॅपिड्स येथे १९२२ पासून ओटच्या टरफलांपासून फरफ्युरल काढले जाऊ लागले. सौम्य आम्ल व वाफ यांच्या योगाने टरफलांतील पेंटोसॅनचे रूपांतर होते. ओतशाळांतील साच्यांची वाळू बांधणारी राळ याच फरफ्युरलपासून बनते. चिपाडातही पेंटोसॅन भरपूर असते. फरफ्युरल काढून घेतल्यावर उरलेला चोथा बॉयलरमध्ये जाळता येतो. विदर्भातील पऱ्हाटी तर गुलाबी बोंडअळीमुळे शेतातून हलवावीच लागते. अडचण आहे ती वाहतुकीची. पऱ्हाटी हलकी आणि फुगीर. ट्रक भरतो, वजन भरत नाही. गावातच तिचे तुकडे करून दाबून गठ्ठे बांधण्याची सोय झाल्याशिवाय हा हिशेब जुळणार नाही.

आसवनी प्रकल्पास ना-हरकत देताना पंचायतीने सांडपाण्याची चौकशी अवश्य करावी. मळीपासून एक लिटर मद्यार्क करताना साधारण ८ ते १२ लिटर तपकिरी, दुर्गंधीयुक्त द्रव उरतो. तो आटवून बॉयलरमध्ये जाळण्याची व्यवस्था असेल, तर विहिरी वाचतात आणि राखेतून पोटॅश खत मिळते.