समाजांची प्रगति: दाणा आणि बैल

कांहीं समाज लवकर पुढें आले व कांहीं मागें राहिले, याचें कारण रक्तांत आहे असें पुष्कळ वेळां सांगण्यांत येतें. आमच्या मतें तें शेतांत शोधिलें पाहिजे.

तैग्रिस व युफ्रेतिस नद्यांच्या प्रदेशांत सुमारें १०,००० वर्षांपूर्वीं गहूं, जव व मसूर यांची लागवड होऊं लागली. तेथील रानगव्हाचा दाणा मुळांतच खाण्याजोगा होता. शेळ्यामेंढ्या व गाईबैल माणसाळले. पुढें नांगरास बैल जुंपला गेला. उरलेल्या धान्यावर कुंभार, तांबट व कारकून पोसले गेले. सुमेर देशांतील उरुक नगरांत इ. स. पूर्वीं सुमारें ३३०० च्या मातीच्या पाट्या सांपडल्या. त्यांवर बहुतेक धान्य व गुरें यांचाच हिशेब आहे. जमाबंदीच्या दप्तरांत वय घालविलेल्या आम्हांस याचें नवल वाटत नाहीं.

आतां मेक्सिको पाहूं. तेथें सुमारें ९,००० वर्षांपूर्वीं तिओसिंते नांवाच्या गवतापासून मका घडविण्यास आरंभ झाला. त्या गवतास कठीण कवचाचे थोडेच दाणे येत. भरदार कणसासाठीं हजारों वर्षें बियाणें निवडावें लागलें. तेथें चाकांचीं मातीचीं खेळणीं सांपडलीं आहेत. म्हणजे चाक ठाऊक होतें, ओढावयास बैल नव्हता. तरीही माया लोकांनीं लिपि व शून्य सिद्ध केलीं.

तेव्हां उणीव बुद्धीची नसून साधनांची होती. आपला मका, मिरची व भुईमूग १४९२ नंतर अमेरिकेंतूनच आले. गांवांतील मागें पडलेल्या शेतकऱ्यास आळशी म्हणण्यापूर्वीं वाचकांनीं त्याचा बैल, बियाणें व पाणी पाहावें.