पाणी गेलं कुठं, ते आधी विचार

मारुती ८०० घेतलीस, छान केलंस. पण हे बघ, ती गाडी बनायची २०१४ सालीच बंद झाली. म्हणजे आधीच्या मालकानं कितीही जपली असली, तरी तिच्यातलं रबर आता म्हातारं झालंय. लोखंड टिकतं गं, रबर टिकत नाही. आणि जुनी गाडी तापते ती बहुतेक वेळा कुठल्या तरी पाइपातून, सीलमधून थेंबथेंब पाणी गेलेलं असतं म्हणून. तेव्हा पाणी कमी दिसलं की नुसतं भरून मोकळी होऊ नकोस. गेलं कुठं, ते आधी विचार.

सकाळी, गाडी गार असताना बॉनेट उघडायचं. पाण्याच्या बाटलीवर दोन रेघा असतात, पातळी त्यांच्या मधे हवी. पण बाटलीवर विसंबू नकोस. रेडिएटरचं झाकण काढून आत बघ. बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असंही होतं. झाकणाचं रबर गेलं की बाटलीतलं पाणी परत आत ओढलंच जात नाही. कूलंटचा सगळा कारभार बंदिस्त असतो, त्यामुळं दर महिन्याला वर घालावं लागत असेल तर गळती आहे, हे पक्कं धर.

गळती शोधायला रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेव. एसी लावून आलीस आणि नितळ, बिनवासाचं पाणी पडलं, तर ते एसीचं, सोडून दे. रंगीत, बोटाला बुळबुळीत आणि गोडसर वासाचं असेल, तर ते कूलंट. ते लगेच पुसून काढ. गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि जिवाला मुकतात.

डाग पडला त्याच्या बरोबर वर गळती असतेच असं नाही. पाइपाच्या क्लिपांपाशी पांढरट-हिरवट खरपुडी धरली आहे का बघ. पाइप चिमटीत दाबून बघ: दबून परत उसळला तर ठीक; लिबलिबीत, फुगलेला किंवा चिरा पडलेला असेल तर बदल. एक बदलायचा तर वरचा-खालचा दोन्ही बदल, क्लिपांसकट. वॉटर पंपाला खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. तिथून ओघळ आलेला दिसला, म्हणजे आतलं सील गेलं. ते भोक कुणाला बुजवू देऊ नकोस. ते सील गेल्याचं कळावं म्हणूनच ठेवलेलं असतं.

झाकणाला कमी लेखू नकोस. ते कुकरच्या शिटीचं काम करतं. उघडं पाणी १०० अंशाला उकळतं; दाबाखाली आणि कूलंट मिसळलेलं असेल तर १२० च्याही पुढं टिकतं. स्प्रिंग ढिली पडली की हा दाब राहत नाही आणि चांगली गाडीही चढावर उकळते. झाकणावर दाबाचा आकडा कोरलेला असतो, नवं घेताना तोच बघून घे. गरम इंजिनावर मात्र त्याला हात लावायचा नाही.

बोअरचं पाणी तर घालूच नकोस, क्षार बसून रेडिएटरच्या नळ्या चोंदतात. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. तयार मिसळलेलं आणलंस तर त्यात पाणी घालायचं नाही.

गाडी कुठं तापते, हेही लक्षात ठेव. सिग्नलला तापते आणि मोकळ्या रस्त्याला तापमानाचा काटा खाली येतो, तर फॅन किंवा त्याचा स्विच बघायचा. गावात बरी आणि खंबाटकीच्या चढाला तापते, तर पाणी कमी आहे किंवा रेडिएटर चोंदलाय. ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी गार राहील,’ असं कुणी म्हणालं तर नको म्हण. इंजिन नीट तापतच नाही मग, पेट्रोल जास्त खातं आणि मूळ दुखणं झाकलं जातं. गळती बुजवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायची युक्ती गॅरेजपर्यंत पोचायला ठीक. तो इलाज नव्हे.

घाटात काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल. उकडेल, पण इंजिनातली उष्णता बाहेर पडते. तरी चढतोच आहे असं दिसलं तर जागा बघून कडेला घे आणि बंद कर. काटा वर जाऊन अचानक खाली आला तर गाडी निवली असं समजू नकोस. पाणी संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं सांगतो. निदान अर्धा तास थांब. तापल्या इंजिनात गार पाणी ओतलंस तर अॅल्युमिनियमचं हेड वाकतं, आणि पाचशेच्या पाइपाचं काम हजारोंवर जातं.

गळती दिसत नाही पण पाणी कमी होतंय, तर आधी डावीकडची पायाखालची मॅट उचलून बघ. ओली असेल, काचेवर चिकट धुकं येत असेल, तर हीटरची जाळी गळतेय. सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर सुटत राहिला किंवा ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ साय धरली, तर हेड गॅस्केटचा संशय घे. मग गाडी चालवत नेऊ नकोस, टो करून ने. हेड उतरवलं की ते सरळ आहे का हे पट्टी लावून तुझ्यासमोर बघायला सांग.

गॅरेजमध्ये गेलीस की ‘पाणी भरून द्या’ म्हणायचं नाही, ‘प्रेशर लावून बघा’ म्हणायचं. झाकणाच्या जागी हातपंप लावतात, झाकणावरच्या आकड्याएवढा दाब भरतात आणि थांबतात. पंपाचा काटा उतरला तर गळती आहे. काम झाल्यावर तेच पुन्हा करायला लाव, दहा मिनिटं उभी राहा, आणि काटा जागचा हलला नाही तरच पैसे दे.